पंचनामा कोणी करायचा?



नदीला पूर आला की पाण्याची पातळी मोजतात. पुलाच्या खांबावर आकडे रंगवलेले असतात. पाणी चढेल तसा आकडा चढतो आणि पूर ओसरला की उतरतो. परंतु पडलेली भिंत काही त्याबरोबर उभी राहत नाही. म्हणून पुरानंतर दुसरे मोजमाप करावे लागते. त्याला आपण पंचनामा म्हणतो. पाण्याची पातळी वेगळी आणि पुराने केलेले नुकसान वेगळे, हे गावातल्या लहान मुलालाही कळते.

हीच गोष्ट एका रोगाच्या बाबतीत वैद्यकाला आकड्यांत मांडायला मात्र बराच काळ लागला. तो रोग म्हणजे ल्यूपस. लॅटिन भाषेत ह्या शब्दाचा अर्थ लांडगा. आपल्या शरीरातील प्रतिकारशक्तीचे काम बाहेरून आलेल्या जंतूंशी लढण्याचे. ल्यूपसमध्ये ती आपल्याच पेशींना शत्रू समजू लागते. राखणदारानेच घरावर दगड मारावेत, तसा हा प्रकार! त्वचा, सांधे, मूत्रपिंड, हृदय, फुप्फुसे, मेंदू ह्यांपैकी कशावरही हल्ला होऊ शकतो. प्रौढ रुग्णांपैकी सुमारे ९० टक्के स्त्रिया असतात आणि रोग बहुधा ऐन तारुण्यात सुरू होतो.

१९५५ च्या सुमारास निदानानंतर चार वर्षांनी निम्मेच रुग्ण हयात असत. आज चांगले उपचार मिळाले तर बहुसंख्य रुग्ण कित्येक दशके जगतात. ही आनंदाची गोष्ट खरी. पण जो दीर्घकाळ जगतो त्याच्या शरीरावर पुरामागून पूर येऊन गेलेले असतात. शिवाय ज्या स्टिरॉइड औषधांनी जीव वाचतो, तीच दीर्घकाळ घेतल्यास मोतीबिंदू, हाडांचा ठिसूळपणा, मधुमेह अशी स्वतःची खूण मागे ठेवतात.

ह्या नुकसानाचा पंचनामा करण्यासाठी १९९६ मध्ये तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने एक निर्देशांक प्रसिद्ध केला. त्यात शरीराचे बारा विभाग आणि एकूण ४१ बाबी आहेत. नुकसान रोग सुरू झाल्यानंतरचे हवे आणि साधारणतः किमान सहा महिने टिकलेले हवे. ते रोगामुळे झाले की औषधामुळे, हे पाहायचे नाही. बहुतेक बाबींना एक गुण. मूत्रपिंडे पूर्ण निकामी झाली तर तीन. आणि गंमत अशी, की हा आकडा वाढू शकतो, पण कधी कमी होत नाही. मोतीबिंदू काढून दृष्टी पूर्ववत झाली, तरी तो गुण तसाच राहतो! परीक्षेतले गुण वाढले की आपण पेढे वाटतो. येथे मात्र शून्यावर राहणाराच भाग्यवान.

परंतु हा तक्ता भरायचा कोणी? रुग्णाला तपासून आणि त्याची कागदपत्रे चाळून, जाणकार डॉक्टरने. येथेच अडचण येते. हजारो रुग्णांचा वर्षानुवर्षे अभ्यास करायचा, तर तितके डॉक्टर आणायचे कोठून? त्याहून मोठी अडचण अशी, की जो तज्ज्ञाकडे पोहोचतो त्याचीच नोंद होते. लांब खेड्यात राहणारी, गाडीभाड्याला महाग झालेली, अंथरुणाला खिळलेली रुग्ण मोजणीतून गळते. म्हणजे कदाचित ज्यांचे घर सर्वांत अधिक पडले, त्यांचाच पंचनामा राहून जातो.

तेव्हा अमेरिकेतील संशोधकांनी सरळ मार्ग धरला. त्यांनी रुग्णालाच विचारले. २०१० मध्ये रुग्णाने स्वतः भरायची एक प्रश्नावली प्रसिद्ध झाली, आणि २०११ मध्ये दूरध्वनीवरूनही विचारता येईल अशी दुसरी, आटोपशीर प्रश्नावली आली.

"रुग्णाच्या सांगण्यावर शास्त्र कसे चालेल?" असे तुमच्यापैकी काहींना वाटेल. शंका योग्य आहे. पण शंकेचे उत्तर नाक मुरडून मिळत नाही, ते पडताळून पाहून मिळते. नवा तापमापक आणला तर आपण तो खात्रीच्या तापमापकाशेजारी ठेवून पाहतो. संशोधकांनी हेच केले. रुग्णांच्या उत्तरांवरून आलेले गुण आणि वैद्यकीय तपासणीवरून वा नोंदींवरून काढलेले गुण शेजारी ठेवले. ते तंतोतंत जुळले नाहीत. पण ज्यांचे एक माप मोठे, त्यांचे दुसरेही बहुधा मोठे निघाले. एका रुग्णाचा औषधोपचार ठरवायला एवढे पुरेसे नाही. हजार रुग्णांत नुकसान कोठे, कोणाचे, किती वाढते आहे हे पाहायला मात्र ते उपयोगी पडते.

मर्यादाही ध्यानात घ्या. खुब्याचा सांधा बदलला, डायलिसिस सुरू झाले, हे कोणी विसरत नाही. पण मूत्रपिंडांची हानी सुरुवातीला दुखत नाही; लघवीची आणि रक्ताची तपासणी केल्याशिवाय ती कळत नाही. घरमालक पडलेली भिंत दाखवील. पायाला गेलेला तडा इंजिनिअरलाच दिसेल. म्हणून प्रश्नावली ही तपासणीची जागा घेऊ शकत नाही. ती तिची जोडीदार आहे.

माझे मत असे, की अशा मापाची खरी कसोटी भाषेत लागते. आपल्याकडे "त्यांना झटका आला" असे म्हणतात. कसला झटका? हृदयविकाराचा, अर्धांगवायूचा, की फेफऱ्याचा? निर्देशांकात ह्या तीन वेगवेगळ्या बाबी आहेत! "किडनी खराब झाली" म्हणजे मुतखडा झाला की मूत्रपिंड निकामी झाले? "वात" ह्या शब्दात तर सर्व सांधे मावतात. रुग्णाचे उत्तर चुकीचे आले, तर पुष्कळदा दोष प्रश्नाचा असतो. म्हणूनच पहिल्या प्रश्नावलीची स्पॅनिश, पोर्तुगीज आणि फ्रेंच रूपे त्या त्या भाषेच्या रुग्णांवर पडताळून २००९ मध्येच प्रसिद्ध झाली. नुसते भाषांतर पुरेसे मानले नाही. मराठीत विचारायचे असेल, तर मराठी बोलणाऱ्या रुग्णांच्या तोंडचे शब्द आधी ऐकले पाहिजेत. हे काम डॉक्टरांइतकेच भाषेच्या जाणकारांचेही आहे.

एक छोटा प्रयोग करून पाहा. घरातील मोठ्यांना, त्यांची परवानगी घेऊन, तीन प्रश्न विचारा: चष्म्याचा नंबर किती? शेवटचा रक्तदाब किती होता? कोणती शस्त्रक्रिया कोणत्या वर्षी झाली? मग कागदपत्रांशी उत्तरे ताडून पाहा. कोणते उत्तर बरोबर येते, कोणते चुकते आणि का, ते वहीत लिहा. शिक्षकांनी वर्गात नावे न घेता सर्वांच्या चुकांची बेरीज करावी. माणसाची आठवण हे कसे उपकरण आहे, त्याची अचूकता कोठे संपते, हे तुमचे तुम्हालाच दिसेल.

उपकरणाचा दोष माहीत असला की ते टाकून द्यावे लागत नाही. दोष धरून वापरता येते. रुग्णाचे बोलणेही असेच आहे. त्यावर आंधळा विश्वास नको, पण "त्याला काय कळते" असे म्हणून त्याला गप्पही करू नका. ज्याच्या घरातून पूर गेला, त्याला पंचनाम्याच्या वेळी दाराबाहेर उभे करणे हे शास्त्र नव्हे.