सैल सांधे आणि शक्तितस्तप



आपल्या घरांत दोन प्रकारच्या दुखण्यांना मान मिळतो. एक दिसणारं: प्लास्टर, टाके, सुजलेला गुडघा. दुसरं वयाचं. या दोन्हींत न बसणारं दुखणं असलं की बाईची पंचाईत होते. वय पंचवीस-तीस, एक्स-रे स्वच्छ, रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल, अंग वेतासारखं वाकतं. आणि तरी मनगट, खांदा, कंबर, घोटा यांतलं काही ना काही रोज दुखतं. मग तिला हमखास ऐकावं लागतं, "अगं, वाकतेस तर इतकी छान, मग दुखतं कुठे?"

ती गरजेपेक्षा जास्त वाकते म्हणूनच दुखतं. माझे स्वतःचे सांधे असेच आहेत, म्हणून हे वाक्य मी पुष्कळदा ऐकलं आहे. दशलक्षण पर्व जवळ आलं की त्याची धार वाढते, कारण तेव्हा जमिनीवर बसणं, उभं राहणं आणि राबणं, तिन्ही वाढतात. म्हणून आज थोडं स्पष्ट लिहिते.

आधी हे आहे काय ते पाहू. हाडाला हाड बांधून ठेवणाऱ्या पट्ट्यांना अस्थिबंध म्हणतात, डॉक्टरांच्या भाषेत लिगामेंट. त्या मुख्यतः कोलॅजेन नावाच्या प्रथिनाच्या बनतात. काहींच्या या पट्ट्या जन्मतःच सैल असतात. इलॅस्टिक गेलेला मोजा जसा सारखा खाली घसरतो आणि आपण तो सारखा वर ओढतो, तसं इथे स्नायूंना दिवसभर सांधा जागेवर धरून ठेवावा लागतो. जे काम अस्थिबंधांनी करायचं ते स्नायू करतात, म्हणून संध्याकाळी ते थकून आखडतात. बाहेरून बाई लवचिक दिसते आणि आतून तिचं अंग दगडासारखं जड झालेलं असतं.

डॉक्टर यासाठी बायटन स्कोअर नावाची 9 गुणांची साधी तपासणी करतात. करंगळी मागे 90 अंशांच्या पलीकडे जाते का, अंगठा मनगटाकडे वाकवल्यावर हाताला टेकतो का, कोपर आणि गुडघा 10 अंशांहून जास्त उलट्या बाजूला जातात का, याचे दोन्ही बाजूंचे मिळून 8 गुण. गुडघे न वाकवता तळवे जमिनीला टेकले तर 1. मोठ्या माणसांत साधारण 5 किंवा जास्त गुण आले तर सांधे सैल समजतात. हा फक्त अंदाज आहे, निदान नाही. असे सांधे असलेल्या कितीतरी जणींना आयुष्यभर काही त्रास होत नाही. त्रास असेल तर 2017 सालच्या आंतरराष्ट्रीय निकषांप्रमाणे त्याला हायपरमोबिलिटी स्पेक्ट्रम डिसऑर्डर किंवा हायपरमोबाइल एहलर्स-डॅनलॉस सिंड्रोम असं नाव मिळू शकतं. हे बायकांत जास्त आढळतं आणि बऱ्याचदा आईकडून मुलीकडे जातं. म्हणजे जी सासूबाई सुनेला "आमच्या वेळी नव्हतं असलं काही" म्हणते, तिच्याच लेकीला किंवा नातीलाही हे असू शकतं.

आता माझा मुद्दा. सैल सांध्यांच्या बाईला धर्माचरणात जो त्रास होतो, तो धर्माने दिलेला नाही. तो आपल्या सवयींनी आणि एकमेकींकडे बघण्याच्या नजरेने दिलेला आहे.

आपल्या कर्मशास्त्रात नामकर्माच्या भेदांत 'संहनन' येतं, म्हणजे हाडांच्या बांधणीची मजबुती. वज्रवृषभनाराचापासून असंप्राप्तसृपाटिकेपर्यंत त्याचे सहा प्रकार आपण पाठशाळेत पाठ केलेले आहेत. शेवटच्या प्रकारात हाडं एकमेकांत घट्ट अडकलेली नसतात, नुसती शिरा-स्नायूंनी बांधलेली असतात. हे आणि आजचं वैद्यकशास्त्र एकच, असा दावा मी करत नाही. पण सगळ्यांची शरीरं सारख्या बांधणीची नसतात आणि या पंचमकाळात उत्तम संहनन मिळत नाही, हे ज्या धर्माने इतक्या बारकाईने मांडलं, त्या धर्माच्या बायकांनी एकमेकींना एकाच फूटपट्टीने मोजावं, याचं मला आश्चर्य वाटतं.

सोळाकारण भावनांतली नावंच आठवा. त्यात नुसता त्याग आणि नुसतं तप नाही. 'शक्तितस्त्याग' आणि 'शक्तितस्तप' आहे. आपल्या शक्तीनुसार. शक्ती लपवायची नाही आणि शक्तीबाहेर ओढूनही न्यायचं नाही. यातला पहिला अर्धा भाग आपण एकमेकींना लगेच ऐकवतो, दुसऱ्याचा मात्र सोयीस्कर विसर पडतो.

सामायिकाचं बघा. दोन घडी, म्हणजे 48 मिनिटं मांडी घालून बसायचं. सैल सांध्यांच्या बाईला मांडी सहज घालता येते, पद्मासनही लागतं, म्हणून तिला खुर्ची मागायची जास्तच लाज वाटते. पण सांधा त्याच्या शेवटच्या टोकाला नेऊन तिथे पाऊण तास ठेवला की अस्थिबंध आणखी ताणले जातात. उठताना खुबा सरकल्यासारखा होतो आणि दुसऱ्या दिवशी चालणं अवघड जातं. उभ्याने कायोत्सर्ग करतानाही तेच. आपले गुडघे मागे जाऊन अडकतात, त्यावर शरीराचा भार टाकून आपण उभ्या राहतो आणि कंबर धरते.

मूलाचारात कायोत्सर्गाचे चार प्रकार सांगितले आहेत. शरीर उभं आणि भावही उभे, तो उत्थितोत्थित. शरीर उभं पण मन आर्त-रौद्र ध्यानात बसलेलं, तो उत्थितनिविष्ट. शरीर बसलेलं पण भाव उभे, तो उपविष्टोत्थित. दोन्ही बसलेले, तो उपविष्टनिविष्ट. म्हणजे बसून केलेल्या कायोत्सर्गाला शास्त्राने स्वतंत्र नाव देऊन जागा दिली आहे. उभं राहून मनात "कधी संपतंय, कंबर तुटली" चालू असेल, तर ती अवस्था बसून शांत असणाऱ्या बाईपेक्षा वरची नाही. आर्तध्यानाच्या चार भेदांत वेदनेचं सतत चिंतन हा एक भेद आहेच. खुर्चीवर बसल्याने ते चिंतन थांबत असेल, तर खुर्ची ही सामायिकाची सोय आहे, सामायिकातली सूट नाही.

कुणी म्हणेल, कायक्लेश हेही तप आहे, थोडं दुखलं तर सोसावं. हा आक्षेप मी हलका मानत नाही. पण कायक्लेश हा समजून-उमजून, समता टिकवून, बाह्य तपांपैकी एक म्हणून केलेला असतो. सांधा निखळून आठवडाभर स्वयंपाकही न जमणं आणि त्या आठवड्यात घरातल्या सगळ्यांवर चिडणं, याला तप म्हणता येत नाही. अहिंसेचा विचार करताना आपण पाणी गाळतो, धान्य निवडतो, पाय जपून टाकतो. मग स्वतःच्या देहाशी तेवढं तरी जपून का वागू नये? हा देह आहे तोवरच स्वाध्याय आहे.

चौका लावणं हा तर जिव्हाळ्याचा विषय. महाराजांचा किंवा माताजींचा आहार आपल्याकडे होणं हे भाग्य, त्यात मागे राहावं असं कुणालाच वाटत नाही. पण पहाटेपासून पाणी भरणं, ताजं पीठ दळणं, जड पातेली उतरवणं आणि मग पडगाहनाला कलश घेऊन उभं राहणं, हे सगळं एकाच बाईने का करावं? जिचे मनगट सैल आहेत तिने शोधन करावं, निवडावं, वाढावं. जिचे खांदे बळकट आहेत तिने पाणी आणावं. वैयावृत्त्य हेही तपच आहे आणि मला वाटतं त्याची सुरुवात आपल्याच चौक्यातल्या बहिणीपासून व्हायला हवी.

आता उपायांकडे. सैल अस्थिबंध घट्ट करणारं औषध नाही. पण त्रास बराच कमी करता येतो आणि त्याचा मुख्य मार्ग आहे व्यायाम. मात्र ताणण्याचा नाही, बळ वाढवण्याचा. आपल्याला ताण देणारी आसनं सहज जमतात, योगवर्गात कौतुक होतं आणि तिथेच घात होतो. सांधा टोकाला न नेता, कमी वजनाने, हळूहळू स्नायू बळकट करायचे. तोल आणि सांध्याची जाणीव सुधारायची. उभं राहताना गुडघे किंचित सैल सोडायचे. हे जाणकार फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या आणि पहिल्याच भेटीत "माझे सांधे सैल आहेत" हे सांगा. फरक दिसायला काही महिने लागतात. बऱ्या दिवशी सगळी कामं उरकून पुढचे तीन दिवस झोपून काढण्यापेक्षा रोज थोडं-थोडं करणं चांगलं.

तेलाने हलकं चोळणं आणि शेक यांनी आराम पडतो, जरूर घ्या. पण हाड 'बसवून' देणाऱ्याकडे मान किंवा कंबर कडकन मोडून घेऊ नका. बोटांना, मनगटाला पट्टे किंवा स्प्लिंट कामापुरते वापरता येतात. दिवसभर घातले तर स्नायू आळशी होतात. वेदनाशामक गोळ्या थोड्या काळासाठी, डॉक्टरांना विचारून. साखरेच्या द्रावणाची इंजेक्शनं सांध्यात देण्याचा प्रोलोथेरपी नावाचा उपचारही सुचवला जातो. त्याचा पुरावा अजून तोकडा आहे, खर्च करण्याआधी दुसरं मत घ्या. शस्त्रक्रिया अगदी शेवटी, कारण टाके घालायचे ती ऊतीच नाजूक असते. निदानासाठी संधिवाततज्ज्ञ किंवा अस्थिरोगतज्ज्ञाला भेटा. घरात कुणाची रक्तवाहिनी अचानक फुटल्याचा किंवा लहान वयात हृदयविकाराचा इतिहास असेल तर तो न विसरता सांगा. काही दुर्मीळ प्रकारांत हृदय आणि रक्तवाहिन्या तपासाव्या लागतात.

आपल्यासाठी एक खास सावधगिरी. सांध्यांसाठी म्हणून विकली जाणारी कोलॅजेन पावडर मासे किंवा गुरांपासून काढलेली असते. ग्लुकोसामाइन बऱ्याचदा कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून बनतं. कॅप्सूलचं वेष्टन पुष्कळदा जिलेटिनचं असतं. कोलॅजेन खाल्लं तरी पोटात त्याचं पचनच होतं, ते जसंच्या तसं आपल्या अस्थिबंधात जाऊन बसत नाही. म्हणून ते न घेतल्याने आपलं काही बुडत नाही. डाळी, मूग, शेंगदाणे, दूध, दही, पनीर यांतून स्नायूंना लागणारी प्रथिनं मिळतात. गरजेचं औषध मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका. त्याची गोळी किंवा वनस्पतीजन्य वेष्टनाची कॅप्सूल मिळते का, हे डॉक्टरांना विचारा. औषधाच्या वेळा दिवसा उजेडी बसवून द्या असं सांगितलं तर बहुतेक डॉक्टर तसं करून देतात.

उपवासाचंही तसंच. सैल सांध्यांच्या पुष्कळ जणींना उभं राहिल्यावर चक्कर येते, छाती धडधडते. पाणी कमी झालं की हे वाढतं. अशा बाईने निर्जळ उपवास करण्याआधी डॉक्टरांशी बोलावं. बाह्य तपांत अनशन एकटं नाही. ऊनोदर आहे, रसपरित्याग आहे. पाणी घेऊन केलेलं एकाशन किंवा एखाद्या रसाचा त्याग कुणाला दिसत नाही, त्याची पत्रिका निघत नाही, पारण्याला पाहुणे येत नाहीत. पण तप पाहुण्यांसाठी नसतंच.

घरातल्या लहान मुलींबद्दल एक विनंती. "दाखव गं काकूला, अंगठा कसा मागे जातो तुझा!" हा खेळ बंद करा. लहान मुलांचे सांधे मोठ्यांपेक्षा लवचिक असतातच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण मुलगी सारखी पडत असेल, लिहिताना हात दुखतो म्हणत असेल, रात्री पाय दुखून रडत असेल, तर तिला नखरे करते म्हणू नका. दाखवून आणा. आणि लग्नानंतर, बाळंतपणात अंग जास्तच सैल पडतं, तेव्हा ओटीपोट-कंबर दुखते म्हणणाऱ्या सुनेवर विश्वास ठेवा.

या पर्वात प्रत्येक मंदिरातल्या महिला मंडळाने एक छोटी गोष्ट करावी असं मला वाटतं. सामायिकाच्या जागी भिंतीला लावून चार-सहा खुर्च्या मांडा, कुणी मागण्याआधीच. आणि त्यावर एखादी तरुण मुलगी येऊन बसली, तर तिच्याकडे वळून बघू नका. आपलं सामायिक चालू ठेवा.