काचघरातले झाड

मराठी समीक्षेत काही रूपके इतकी रुळली आहेत की ती रूपके आहेत याचाच आपल्याला विसर पडतो. चांगली साहित्यकृती 'मातीत रुजलेली' असते, लेखकाची 'मुळे' कुठेतरी असतात किंवा तुटलेली असतात, आणि जे आपल्याला नावडते ते 'काचघरातले' असते. एका चर्चासत्रात आमच्या एका विद्यार्थिनीच्या कवितांना हेच विशेषण लावले गेले. मुलगी गेवराई तालुक्यातल्या तलवाड्याची. कविता पुण्याच्या वसतिगृहात लिहिलेल्या, भाषा प्रमाण, संदर्भ ग्रंथालयातले. 'या कवितेला तलवाड्याचा वास नाही, हे काचघरातले रोप आहे,' असा शेरा आला आणि सभागृहाने मान डोलावली.

त्या कवितांची वकिली करण्याचा आमचा हेतू नाही. त्यांतल्या निम्म्या कच्च्या आहेत, हे आम्ही तिलाही सांगितले आहे. पण ज्या रूपकाने त्या निकालात काढल्या, ते तपासून पाहायला हवे. थंड मुलखात काचेखाली उष्ण प्रदेशातली फळझाडे वाढवणाऱ्यांनी प्रत्यक्षात काय केले, हे ठाऊक नसतानाच आपण हा शब्द शिवीसारखा वापरत आलो आहोत.

इंग्लंडमधल्या डर्बीशर परगण्यात चॅट्सवर्थ येथे ड्यूक ऑफ डेव्हनशर यांच्या पदरी जोसेफ पॅक्स्टन हा मुख्य माळी होता. मॉरिशसहून आलेल्या जातीची एक ठेंगणी केळ त्याने काचेखाली, कृत्रिम उबेत वाढवली आणि 1835 मध्ये तिला घड लागला. (केळ हे वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने झाड नव्हेच; पण आपणही केळीचे झाडच म्हणतो.) ड्यूकच्या घराण्याचे नाव कॅव्हेंडिश, तेच केळीला मिळाले. पुढच्याच वर्षी पॅक्स्टनने तिथे प्रचंड काचघर बांधायला घेतले. लोक त्याला 'ग्रेट स्टोव्ह', म्हणजे मोठी शेगडीच म्हणत, आणि ते नाव अधिक खरे होते. काच फक्त ऊब कोंडून ठेवी; ऊब निर्माण होई ती कोळशावर पेटणाऱ्या बॉयलरांतून. हा कोळसा पाहुण्यांच्या नजरेस पडू नये म्हणून जमिनीखालच्या बोगद्यातून आणला जाई. पहिल्या महायुद्धात कोळशाची टंचाई झाली, बॉयलर विझले, झाडे मेली आणि 1920 मध्ये ती इमारतच पाडून टाकण्यात आली.

केळ मात्र तोवर तिथून बाहेर पडली होती. 1830 च्या दशकाच्या अखेरीस जॉन विल्यम्स या मिशनऱ्याबरोबर चॅट्सवर्थची रोपे सामोआ बेटांवर गेली. विसाव्या शतकाच्या मध्यास पनामा रोगाने 'ग्रो मिशेल' ही बाजारातली मुख्य जात नामशेष होत आली, तेव्हा जगाच्या व्यापाराने कॅव्हेंडिश गटाचाच आधार घेतला. जळगावची बसराई आणि ग्रँड नैन याच गटातल्या. त्या थेट चॅट्सवर्थहून आल्या असा आमचा दावा नाही. पण ज्या केळीला काचेखाली नाव मिळाले, तिच्या भावकीला रावेर-यावलच्या शेतात कोणी उपरे म्हणत नाही.

आंब्याची कथा याहून गुंतागुंतीची आहे. 1889 मध्ये मुंबई इलाख्यातून 'मलगोबा'ची कलमे फ्लोरिडात गेली आणि पुढच्या कडाक्याच्या थंडीतून त्यांतले एकच झाड वाचले. त्याच्या बियांपासून 'हेडन' निघाला, हेडनच्या वंशात 'लिपन्स', आणि लिपन्सपासून 'अर्विन'. हा अर्विन जपानच्या मियाझाकीत गेला. तिथला हिवाळा आंब्याला सोसवत नाही, म्हणून प्लास्टिकच्या घरात तापवण्याची सोय करून तो वाढवतात. प्रत्येक फळाला जाळी बांधतात आणि ते आपणहून देठातून सुटून जाळीत पडेपर्यंत थांबतात. त्यांतल्या निवडक फळांना 'सूर्याचे अंडे' म्हणतात; 2019 च्या लिलावात अशा दोन फळांना पाच लाख येन मिळाले. आता त्याच आंब्याची रोपे 'लाखमोलाचा जपानी आंबा' म्हणून आपल्याकडे विकली जातात. किंमत जपानी शेतकऱ्याच्या राबणुकीला आणि तिथल्या बाजाराला आहे, हे घेणाऱ्याला कोणी सांगत नाही. आणि हा 'परदेशी' पाहुणा मुळात इकडचाच, हे तर विकणाऱ्यालाही माहीत नसते.

उलट, आमच्या जिल्ह्याची ओळख असलेले सीताफळ घ्या. बालाघाटच्या डोंगरांत ते कोणी न लावता उगवते, आणि 2016 मध्ये बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकनही मिळाले. मथुरेच्या शिल्पांत हे फळ दिसते असे कनिंगहॅमचे मत होते, पण बहुतेक वनस्पतिशास्त्रज्ञ त्याचे मूळ अमेरिकेच्या उष्ण पट्ट्यात मानतात. आपण त्याला सीतेचे नाव दिले, शेजारी रामफळ बसवले आणि प्रश्न मिटवला. देशीवादाच्या चर्चेत हे सीताफळ कोणत्या बाजूला मोडते, हे आम्हांला कळलेले नाही.

तेव्हा 'काचघरातले' हा आरोप म्हणून पुरेसा नाही. विचारायचे ते असे : ऊब कोणी पुरवली, ती कोणापासून लपवली, आणि कोळसा संपल्यावर काय उरले? हे प्रश्न आपण ज्याला मातीतले साहित्य म्हणतो त्यालाही लागू आहेत. अभ्यासक्रमाच्या उबेवर जगणारी आणि अभ्यासक्रम बदलताच माना टाकणारी ग्रामीण पुस्तके आम्ही वर्गात पुष्कळ शिकवली आहेत. त्यांना कोणी काचघरातली म्हटले नाही, कारण त्यांत नांगर आणि बैल होते.

दुसरे असे की 'मूळ' या रूपकात जमिनीची मालकी गृहीत धरलेली असते. या मुलीचे आईवडील ऊसतोडीला जाणारे. दिवाळीच्या सुमारास गाव सोडायचे, ते उन्हाळ्याच्या तोंडाला परतायचे. तिचे बालपण निम्मे कारखान्याजवळच्या कोपीत गेले, नंतरचे वसतिगृहात. तिची शिष्यवृत्ती आणि आईवडिलांची उचल, हा तिच्या काचघराचा कोळसा. तो तिने कवितेत लपवलेला नाही. शेरा मारणाऱ्यांनी तेवढे वाचले असते तरी पुरे होते.

चर्चासत्र संपल्यावर ती आमच्याकडे आली. रडलीबिडली नाही. तिने एवढेच विचारले, "सर, तलवाड्याचा वास म्हणजे नेमका कोणत्या महिन्यातला? थंडीत मी तिथं कधी नव्हतेच."