कादंबरींतला न्याय आणि आष्टीचा खटला

तळेगांव (श्यामजी पंत) : इंग्रजी राज्य १९४७ सालीं गेलें, पण ‘न्याय करावा तो साहेबानेंच’ हें पालुपद आमच्या कित्येक शहाण्यांच्या तोंडून अजून सुटत नाहीं. पुरावा म्हणून ते डिकन्सची १८५९ सालची ‘अ टेल ऑफ टू सिटीज’ ही कादंबरी पुढें करतात. तींत १७८० सालीं लंडनच्या कोर्टांत चार्लस डार्ने या फ्रेंच तरुणावर राजद्रोहाचा खटला चालतो. साक्षीदार सरकारचे हेर. ‘मीं याच इसमास पाहिलें’ असें एक साक्षीदार सांगतो. तोंच डार्नेसारखाच दिसणारा सिडने कार्टन त्याच्यापुढें उभा करतात, आणि ओळखीचा पुरावा कोलमडतो. ज्यूरी आरोपीला सोडून देते.

वाचकहो, आतां आमच्या तालुक्याच्या गांवीं, आष्टीला या. १६ ऑगस्ट १९४२ रोजीं तेथें लोकांचा मोर्चा पोलीस ठाण्यावर गेला. गोळीबारांत माणसें मेलीं. फौजदार व शिपाईही मारले गेले. त्याच दिवशीं चिमूरलाही तसेंच घडलें. माणसें मेलीं, तेव्हां खटला व्हावा यांत तक्रार नाहीं. तक्रार आहे ती खटल्याच्या रीतीबद्दल. आरोपींना खास न्यायालयांपुढें उभें केलें. १९४२ च्या वटहुकमानें नेमलेल्या या न्यायालयांत ज्यूरी नाहीं, हायकोर्टांत अपील नाहीं. फांशीची फेरतपासणी करावयाची ती सरकारनें निवडलेल्या एका जज्जानें! हजारोंच्या गर्दींत कोणीं काय केलें, हें शेवटीं ओळखीच्या साक्षीवरच ठरणार. तेथें आमच्या कुणब्याला कार्टन कोठला?

४ जून १९४३ रोजीं फेडरल कोर्टानें हीं न्यायालयें बेकायदा ठरविलीं. दुसऱ्याच दिवशीं सरकारनें नवा वटहुकूम काढून झालेल्या शिक्षा कायम केल्या. बळी तो कान पिळी! देशभर ओरड झाली, तेव्हां कोठें १९४५ सालीं फांशीऐवजीं जन्मठेप आली.

आमच्या चळवळींतील वडील मंडळींनीं इंग्रजाचे गुण गायिले, कारण त्यानें शाळेचें दार उघडलें. तें त्यांचें चुकलें असें आम्हीं म्हणत नाहीं. पण शाळेचें दार उघडणारा तोच कोर्टाचें दार बंद करतो, हें आष्टीनें दाखविलें. न्याय कोणा मायबाप सरकारच्या पोटीं जन्मत नाहीं. साक्षीदाराला उलट प्रश्न विचारणारा कोणी असेल, तरच तो मिळतो.

आज राज्य आपलें आहे. १ जुलै २०२४ पासून नव्या न्यायसंहितेंतून राजद्रोह हा शब्दही गेला. पण देशाच्या ऐक्याला धोका म्हणून जन्मठेपेचें कलम १५२ आलेंच. आणि चावडीवर बसून ‘द्रोह्याला पुरावा कशाला, लटकवा’ म्हणणारे आपलेच भाऊबंद आहेत. त्यांना आमचा रोखठोक सवाल आहे : १९४२ सालीं सरकारही हेंच म्हणत होतें ना? मग १६ ऑगस्टला हुतात्म्यांना हार कशाला घालतां?

बहुजनांनों, हार घाला. पण घरचा एक पोरगा किंवा पोरगी कायदा शिकवा. उद्यां आपल्यापैकीं कोणी पिंजऱ्यांत उभा राहिला, तर त्याच्या बाजूनें उठून प्रश्न विचारणारा माणूस आपल्यांतलाच असूं द्या.