‘प्रोरोग’ : एका क्रियापदाचे राजकारण

इंग्रजी भाषेतील काही क्रियापदे शब्दकोशात वर्षानुवर्षे पडून असतात आणि एखाद्या राजकीय पेचप्रसंगात अचानक मथळ्यांत झळकतात. ‘प्रोरोग’ हे असेच एक क्रियापद. २८ ऑगस्ट २०१९ रोजी पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांच्या सल्ल्यावरून राणी एलिझाबेथ यांनी ब्रिटिश पार्लमेंट सुमारे पाच आठवडे ‘प्रोरोग’ करण्यास संमती दिली, तेव्हा खुद्द ब्रिटनमध्येही अनेकांना या शब्दाचा अर्थ शोधावा लागला.

मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ ‘मुदत वाढवणे’ असा आहे. प्राचीन रोममध्ये अधिकाऱ्याचा कार्यकाळ वाढवण्यासाठी ते वापरले जाई. इंग्रजीत त्याला प्रथम ‘लांबणीवर टाकणे’ आणि पुढे ‘कायदेमंडळाचे सत्र समाप्त करणे’ हा अर्थ चिकटला. आपल्याकडे यासाठी ‘संस्थगित करणे’ हा शब्द रूढ आहे. मात्र तहकूब, संस्थगित आणि विसर्जित या तीन शब्दांची नेहमीच गल्लत होते. तहकुबीत केवळ बैठक थांबते आणि तो अधिकार पीठासीन अधिकाऱ्याचा असतो. संस्थगितीने संपूर्ण सत्र संपते, तर विसर्जनाने सभागृहच संपुष्टात येते.

राज्यघटनेच्या अनुच्छेद ८५ नुसार संसद संस्थगित करण्याचा अधिकार राष्ट्रपतींना, तर अनुच्छेद १७४ नुसार विधिमंडळाबाबत तो राज्यपालांना आहे. व्यवहारात मात्र निर्णय मंत्रिमंडळाचा असतो. १२ फेब्रुवारी २०२२ रोजी पश्चिम बंगालच्या राज्यपालांनी विधानसभा संस्थगित केली, तेव्हा त्यांनी सभागृहच गुंडाळले असा समज होऊन टीकेची झोड उठली. प्रत्यक्षात ती शिफारस राज्य सरकारचीच होती.

खरी मेख इथेच आहे. ज्या सरकारने सभागृहाला उत्तर द्यायचे, तेच सभागृह केव्हा बसू नये हेही ठरवते. कॅनडात डिसेंबर २००८ मध्ये पंतप्रधान स्टीफन हार्पर यांनी अविश्वासाचे संकट याच मार्गाने टाळले. आपल्याकडे मार्च २०१५ मध्ये अर्थसंकल्पी अधिवेशनाच्या मध्यंतरात राज्यसभा संस्थगित झाली आणि ३ एप्रिल रोजी भूसंपादनाचा अध्यादेश पुन्हा जारी करण्यात आला. दोन्ही सभागृहांचे सत्र सुरू असताना वटहुकूम काढता येत नाही. एक संस्थगित झाले की वाट मोकळी होते. घटनेच्या चौकटीत हे बसते; पण घटनेच्या आशयात बसते काय, हा प्रश्न उरतोच.

ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २४ सप्टेंबर २०१९ रोजी या प्रश्नाला उत्तर दिले. पार्लमेंटला वाजवी कारणाविना आपले घटनात्मक कार्य करण्यापासून रोखता येणार नाही, असे सांगत ११ न्यायमूर्तींनी एकमताने ती संस्थगिती बेकायदा आणि निरर्थक ठरवली. दुसऱ्याच दिवशी सभागृहाचे कामकाज सुरू झाले. ब्रेक्झिटची ३१ ऑक्टोबर ही मुदत तोंडावर असताना सभागृहाचे मौन परवडणारे नव्हते.

लोकशाहीत सभागृहाचे दार बंद करायला दरवेळी बळ लागतेच असे नाही; कधीकधी एक निरुपद्रवी वाटणारे क्रियापदही पुरते. म्हणूनच यापुढे बातमीत ‘संस्थगित’ हा शब्द दिसला, तर तो कोणाच्या सल्ल्याने आणि कोणत्या चर्चेच्या तोंडावर आला, एवढे वाचकांनी अवश्य पाहावे.