गंगा किती चढली? 'आर'ला विचारा!

पावसाळ्यात काशीतल्या ब्रह्माघाटाकडच्या आम्हा मराठी घरांत सकाळी एकच प्रश्न: पाणी किती चढलं? इथली धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर. १९७८च्या पुरात गंगा ७३.९०१ मीटरवर गेली होती.

यंदा पेपरातले रोजचे आकडे मी 'आर'मध्ये भरले. आकडेवारीसाठीची ही संगणकभाषा मोफत आणि खुली आहे. ऑकलंड विद्यापीठातल्या रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी ती घडवली. (इंग्रजीत बी.ए. केलेल्या मला जमतंय, म्हणजे बघा!)

त्यात 'डिफ' ही आज्ञा दिली की आजच्या पातळीतून कालची वजा होते. नुसती पातळी पाहून तळमजल्यावरचं धान्य कधी वर न्यायचं ते कळत नाही. पाणी किती वेगाने चढतंय, ते बघावं लागतं.

एके दिवशी पेपरच आला नाही. मी तिथे शून्य टाकलं, तर आलेखात गंगा कोरडी! अशा जागी 'एनए' लिहायचं असतं. मग सरासरी विचारली, तर उत्तरही 'एनए'. तो दिवस वगळायचा, तर तसं स्पष्ट सांगावं लागतं.

आजी खूश. म्हणाली, "ठाऊक नाही, असं कबूल तरी करतं बिचारं!"