दोघींची फुगडी
१९८२ साली चंद्रपुरापासून निराळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यात, भामरागडकडे, माडिया गोंडांचे रेला नृत्य पाहण्याचा योग आम्हांस आला. तेथे नवशिक्यास निराळा पाठ असा नव्हताच. दोन जाणत्यांच्या मध्ये, हातांत हात गुंफून, त्यास उभे केले. लय वाढली तशी त्याची पावले शेजाऱ्यांच्या आधाराने आपोआप जुळू लागली.

पुढे श्रावणात घरी सूनबाईंची पहिली मंगळागौर झाली. रात्री फुगडीची वेळ आली तेव्हा त्या भीतीने कोपऱ्यात उभ्या. फुगडी दिसते सोपी. परंतु पावलांशी पावले जुळवून, हात तिढ्याने धरून, दोघींनी अंग मागे झोकावयाचे असते. वेग वाढला की एकीचा तोल दुसरीच्या मुठीत! एकीने हात सोडला तर पडणार दोघीही.

सासूसुनांचा दोन दिवस अबोला होता. तरीही पदर खोचून पुढे झाल्या त्या सासूबाईच. "घट्ट धर, मी सोडीत नाही," एवढेच त्या बोलल्या. पहिले फेरे अडखळले. मग मात्र दोघींना थांबविणे कठीण झाले.

वाचकभगिनींनो, यंदा आपल्या घरच्या नवशिकीस नुसते पाहावयास बसवू नका. तिचे हात धरा.