‘कंपोस्टेबल’ : कोठे, किती तापमानाला, किती दिवसांत?

दीड वर्षापूर्वी एका वैज्ञानिक परिषदेत सरबतासाठी पारदर्शक पेले ठेवले होते. प्रत्येकावर हिरव्या पानाचे चित्र आणि ‘१०० टक्के कंपोस्टेबल’ हे शब्द. त्यांतील एक पेला मी घरी आणला आणि गच्चीतल्या खताच्या डब्यात भाजीच्या देठांसोबत पुरला. एक पावसाळा आणि एक हिवाळा उलटल्यावर डबा उपसला. देठांचे काळे, भुसभुशीत खत झाले होते. पेला मात्र पेलाच होता. धुऊन त्यात पाणी भरले, तर थेंबही गळला नाही. पानाचे चित्र तेवढे पुसट झाले होते.

पेल्यावरील दावा खोटा होता का? कदाचित नव्हता, आणि खरी अडचण तीच आहे.

असे पेले बहुधा पॉलिलॅक्टिक आम्लाचे, म्हणजे ‘पीएलए’चे असतात. मका किंवा ऊस यांच्यापासून मिळणाऱ्या साखरेवर प्रक्रिया करून हे बहुवारिक तयार करतात. त्याचे काच-संक्रमण तापमान ५५ ते ६० अंश सेल्सियसच्या दरम्यान असते. त्याखाली त्याच्या लांब रेणूसाखळ्या जागच्या जागी थिजल्यासारख्या असतात, आणि पाण्याच्या रेणूंनी आत शिरून बंध तोडण्याची क्रिया अतिशय मंद चालते. तापमान त्यापलीकडे गेले की साखळ्या हलू लागतात, जलविघटनाला वेग येतो, रेणू आखूड होत जातात आणि मग सूक्ष्मजीवांना ते पचवता येतात. साध्या पीएलएच्या पेल्यात उकळता चहा ओतला तर त्याच्या भिंती लुळ्या पडतात. ते हेच संक्रमण. जे तापमान पेल्याला चहासाठी निरुपयोगी ठरवते, त्याच तापमानाची त्याच्या विघटनाला गरज असते.

कंपोस्टयोग्यतेचे मानक, आयएस/आयएसओ १७०८८, याच तापमानाच्या आसपास परीक्षा घेते. साधारण ५८ अंश सेल्सियसला, पुरेसा ओलावा व प्राणवायू असताना, १८० दिवसांच्या आत पदार्थातील ९० टक्के सेंद्रिय कार्बनचे कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर व्हावे, ही त्याची एक प्रमुख अट. बारा आठवड्यांनंतर २ मिलिमीटरच्या चाळणीवर १० टक्क्यांहून अधिक वस्तुमान उरू नये, ही दुसरी. म्हणजे माझा पेला या परीक्षेत रीतसर उत्तीर्ण झालेला असू शकतो. मात्र ती परीक्षा औद्योगिक खतप्रकल्पाच्या परिस्थितीतली होती, आणि माझ्या डब्यात तशी उष्णता कधीच निर्माण झाली नाही. एकक न लिहिता ‘लांबी ५’ असे उत्तर देणाऱ्या विद्यार्थ्याला आपण गुण देत नाही. परिवेश, तापमान आणि कालावधी न सांगता ‘विघटन होते’ असे छापणे, हे तितकेच अपूर्ण उत्तर आहे.

परिवेशाने किती फरक पडतो, हे इंग्लंडमधील प्लिमथ विद्यापीठाच्या इमोजेन नॅपर आणि रिचर्ड थॉम्पसन यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात स्पष्ट दिसते. त्यांनी निरनिराळ्या पिशव्या उघड्या हवेत, मातीत आणि समुद्रात ठेवून तीन वर्षे निरीक्षण केले. ‘जैवविघटनशील’ म्हणवणारी पिशवी तीन वर्षे माती आणि समुद्रात राहूनही बाजारहाटाचे वजन पेलत होती. ‘कंपोस्टेबल’ पिशवी समुद्रात तीन महिन्यांत दिसेनाशी झाली. मातीत मात्र तशीच पिशवी २७ महिन्यांनंतरही सापडली.

भारतात या शब्दाला आणखी एक वजन आहे. प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ३१ डिसेंबर २०२२ पासून साध्या प्लास्टिकची पिशवी १२० मायक्रॉनपेक्षा पातळ असता कामा नये. कंपोस्टेबल पिशवीला जाडीची ही अट लागू नाही. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायचे पेले, ताटल्या, चमचे, स्ट्रॉ अशा वस्तूंवर देशभर बंदी आली. तिच्यातूनही कंपोस्टेबल वस्तूंना सूट आहे. यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्र लागते. पण हातातल्या पातळ पिशवीमागे खरे प्रमाणपत्र आहे की नुसताच छापील शब्द, हे गिऱ्हाइकाला डोळ्यांनी ओळखता येत नाही. जो शब्द बंदीतून सुटका मिळवून देतो, त्याच्या गैरवापराचा मोह किती असेल, हे सांगायला नको.

त्याची किंमत कचरावेचक आणि पुनर्चक्रण करणारे मोजतात. पीएलएचा पेला आणि पीईटीचा पेला दिसायला सारखेच असतात. दोन्ही पाण्याहून जड, त्यामुळे पाण्यात टाकून ते वेगळे करता येत नाहीत. पीईटी वितळवायला सुमारे २५० अंश तापमान लागते. तेथे पीएलए टिकत नाही आणि सगळ्या मालाचा दर्जा उतरतो. ज्याने पेला विकला तो पर्यावरणमित्र ठरतो, आणि ज्यांनी तो उचलला त्यांचा माल नाकारला जातो.

या पार्श्वभूमीवर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने १५ ऑक्टोबर २०२४ रोजी ग्रीनवॉशिंगविरोधी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली, हे स्वागतार्ह पाऊल आहे. ‘ग्रीन’, ‘इको-फ्रेंडली’, ‘सस्टेनेबल’ असे मोघम शब्द आता पुराव्याशिवाय वापरता येत नाहीत. ‘कंपोस्टेबल’, ‘रिसायकलेबल’ अशा नेमक्या दाव्यांनाही विश्वासार्ह प्रमाणपत्र, वैज्ञानिक पुरावा किंवा त्रयस्थ पडताळणी यांचा आधार हवा. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली १० लाखांपर्यंत, आणि पुन्हा तेच घडल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

तरीही एक फट राहते. दाव्याचा तपशील क्यूआर कोड किंवा संकेतस्थळाच्या दुव्यामागे ठेवण्याची मुभा आहे. शब्द पिशवीवर आणि अट फोनमध्ये, अशी ही विभागणी. ओल्या कचऱ्यात हात घालून पिशव्या वेगळ्या करणारी स्त्री क्यूआर कोड तपासत बसेल, अशी अपेक्षा कोणी करू शकेल काय?

माझ्या मते तीन गोष्टी अनिवार्य व्हायला हव्यात. पहिली, दावा आणि त्याची अट एकत्र, एकाच आकाराच्या अक्षरांत, राज्याच्या भाषेतही छापावी : ‘केवळ औद्योगिक खतप्रकल्पात, ५८ अंशांच्या आसपास, १८० दिवसांत’. मार्च २०२४ च्या दुरुस्तीने जैवविघटनशील प्लास्टिकच्या व्याख्येत माती, गोडे पाणी, समुद्र असे विशिष्ट परिवेश आणले आहेत. ते कोणत्याही दाव्यात पिशवीवर ठळकपणे दिसले पाहिजेत. दुसरी, कारखान्याने पाठवलेल्या नमुन्यावर न थांबता बाजारातून उचललेल्या नमुन्यांची नियमित तपासणी व्हावी आणि निकाल जाहीर व्हावेत. विघटनाचा वेग जाडीनुसार बदलतो, म्हणून प्रमाणित जाडी आणि विकली जाणारी जाडी ताडून पाहणे आवश्यक आहे. तिसरी, त्याच व्याख्येत मायक्रोप्लास्टिक अजिबात उरू नये, असे म्हटले आहे. हेतू उत्तम, पण कोणतेही उपकरण ‘शून्य’ मोजत नाही, ते आपल्या शोधमर्यादेपर्यंतच पाहू शकते. मायक्रोप्लास्टिक म्हणजे सामान्यतः ५ मिलिमीटरपेक्षा लहान कण, आणि आपली चाळणी २ मिलिमीटरची. म्हणून कोणत्या आकारापर्यंत, कोणत्या पद्धतीने मोजायचे, हे नियमातच लिहिलेले बरे.

याने लहान उद्योजकांवर बोजा पडेल, हा आक्षेप गंभीरपणे घेतला पाहिजे. चाचण्या महाग आणि वेळखाऊ आहेत. त्यासाठी सार्वजनिक प्रयोगशाळांत सवलतीची सोय व्हावी. पण जो प्रामाणिकपणे महाग कच्चा माल वापरतो, त्याचे सर्वाधिक नुकसान नुसता शब्द छापणारा स्पर्धकच करतो. काटेकोर नियमन हे त्या प्रामाणिक उद्योजकाचे संरक्षणही आहे.

विद्यार्थी मित्रांनो, प्रकल्पासाठी विषय शोधत असाल तर तो तुमच्या स्वयंपाकघरात आहे. प्रयोगशाळेतील स्क्रू गेज ०.०१ मिलिमीटर, म्हणजे १० मायक्रॉनपर्यंत मोजतो; पिशवीची जाडी तपासायला तेवढा पुरे. ‘कंपोस्टेबल’ पिशवीचे दोन मोजून कापलेले तुकडे घ्या, वजन नोंदवा, एक कुंडीतल्या मातीत आणि एक खताच्या डब्यात पुरा, दर आठवड्याला तापमान लिहा, सहा महिन्यांनी पुन्हा वजन करा. जे मिळेल ते येथे जरूर कळवा. तुकडा पूर्ण नाहीसा झाला असेल, तर तेही. माझा पेला मी पुन्हा डब्यात पुरला आहे. या वेळी सोबत तापमापी ठेवली आहे.